राजीनाम्याचा खर्च कुठल्या खात्यात?

पाळणाघर परवडत नाही म्हणणाऱ्या मालकांना मी विचारते, गेल्या वर्षी सोडून गेलेल्या माणसांचा खर्च कुठल्या खात्यात टाकलात? असं खातंच नसतं. पाळणाघराचं बिल दर महिन्याला दिसतं, रजेचा पगारही दिसतो. पण कामात मुरलेली मुलगी तान्हं बाळ आणि हिंजवडीचा ट्रॅफिक यांच्यात पिचून राजीनामा देते, तेव्हा नवा माणूस शोधा, कन्सल्टन्सीला पैसे द्या, त्याचा नोटीस पिरियड संपायची वाट बघा, मग शिकवा, तोवर क्लायंटची बोलणी खा. हे सगळं ‘चालायचंच’ या सदरात जमा. एचआरमध्ये असल्यानं हे रोज बघते.

घरून काम दिलं तर राजीनामे घटतात का, हे चीनच्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास-बुकिंग कंपनीनं मोजून पाहिलं. १,६१२ कर्मचारी घेतले. विषम तारखेला जन्मलेल्यांना बुधवार-शुक्रवार घरून कामाची मुभा, सम तारखेवाले पाचही दिवस ऑफिसात. (आपल्याकडे यावरूनही भांडणं झाली असती!) सहा महिन्यांत घरून काम करणाऱ्यांचे राजीनामे एक तृतीयांशानं घटले, बायका आणि लांबून येणारे यांच्यात फरक ठळक. पुढची दोन वर्षं बढत्या तपासल्या, काही फरक नाही. काम घटेल म्हणणाऱ्या मॅनेजरांचं मतही फिरलं. कंपनीनं मग सगळ्यांनाच ही सवलत दिली.

आपल्याकडे मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची रजा १२ वरून २६ आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण ईएसआय (सरकारी कामगार विमा) नसेल तर पगाराचा सगळा भार मालकावर, आणि बापाला खासगी नोकरीत कायद्यानं एक दिवसही नाही. केंद्र सरकारी बाबूला मात्र १५ दिवस. मग मुलाखतीत ‘लग्न कधी?’ हा प्रश्न फक्त मुलीलाच येतो. बापाला रजा द्या, निदान तो प्रश्न दोघांना विचारावा लागेल.

लेथवर उभ्या माणसाला घरून काम देता येत नाही, हे कबूल. पण त्याची पुढच्या आठवड्याची शिफ्ट आधी सांगता येते. अमेरिकेत गॅपच्या कपड्यांच्या दुकानांत वेळापत्रक स्थिर केल्यावर विक्री ७ टक्क्यांनी वाढली होती. भोसरीच्या कारखान्यांत आजही कित्येक ठिकाणी आदल्या रात्री फोन येतो, ‘उद्या सेकंडला ये.’ शाळेतून पोराला कोण आणणार, हे त्या फोननंतर ठरतं. शनिवारी नोटीस बोर्डावर एक कागद लावायला किती खर्च येतो?