बेटांचा नकाशा सर्वांचा असावा, पण सगळाच उघडा नसावा

२०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांपलीकडे गेली, तेव्हापासून आम्हा कोल्हापूरकरांना भिंतीवरची ओलीची रेषासुद्धा नोंद म्हणून मोलाची वाटते. पाणी ओसरल्यावर कुठवर आले होते, हे सांगणारे दुसरे असते तरी काय?

ग्रेट निकोबारची गोष्ट याच जातीची आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात बेटाचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, सुमारे सव्वाचार मीटर खचले आणि दीपगृहाच्या पायथ्याशी समुद्र आला. लेदरबॅक कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांची वाताहत झाली. माती-पाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी उबवणाऱ्या निकोबार मेगापोडचे किनारी जंगलही बरेच गेले. नेमके किती गेले, याचा अंदाज बांधता आला, कारण पक्षिशास्त्रज्ञ रवी संकरन यांनी नव्वदच्या दशकातच किनारे पालथे घालून या पक्ष्याच्या नोंदी केल्या होत्या. आधीची नोंद नसती, तर नुसती हळहळ उरली असती.

म्हणूनच अनेकांनी मिळून भरलेले डिजिटल नकाशे मला महत्त्वाचे वाटतात. उपग्रह एकटा पुरत नाही. तांबडा प्रकाश पाण्यात काही मीटरमध्येच शोषला जातो, त्यामुळे प्रवाळांसाठी निळ्या-हिरव्या प्रकाशावर भिस्त ठेवावी लागते, आणि वरून प्रवाळ व शेवाळ सारखेच भासू शकतात. तिथे पाण्यात उतरून काढलेली छायाचित्रेच कामी येतात. २०२१ मध्ये पूर्ण झालेला ॲलन कोरल ॲटलस हा प्रवाळांचा जागतिक नकाशा अशाच जोडकामातून उभा राहिला.

मात्र ‘सर्वांसाठी खुले’ या घोषणेबद्दल माझी तक्रार आहे. विणीच्या जागेचे अचूक अक्षांश-रेखांश अभ्यासकाइतकेच चोरालाही उपयोगी पडतात. लोकांनी टिपलेल्या निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्रजातींचे ठिकाण ०.२ अंशाच्या चौकोनात धूसर करून दाखवतात, ते मला पटते. आणि निकोबारी व शोंपेन या तिथल्या आदिवासी लोकांच्या भूमीवर काय उघड करायचे, हे त्यांना विचारल्यावाचून ठरवू नये. ‘डेटा’ म्हटले म्हणून घराची चौकट ओलांडायचा परवाना मिळत नाही.

गेल्या पावसाळ्यात मसाई पठारावर मला कंदीलपुष्प हे दुर्मीळ फूल दिसले. कातळाची अशी पठारेही एका अर्थी बेटेच. फोटोखाली मी ‘पन्हाळा तालुका’ एवढेच लिहिले आणि नेमकी जागा वनस्पतिशास्त्रातल्या एका स्नेह्यांना कळवली.