गरम पाण्याची आंघोळ टाळण्याचे खात्रीशीर उपाय

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात चवीने वाचतो, पण काही दुर्दैवी नाशिककरांच्या बाथरूममध्ये अजूनही नळ सोडला की सरळ गरम पाणी येतं. त्यांना या थंडीचा अनुभव येणार कसा? त्यांच्यासाठी हे चार उपाय. आमच्या सोसायटीत सगळे करून पाहिलेले आहेत, गुण येतोच.

सुरुवात फ्लॅट घेतानाच करावी. गॅलरीतून पांडवलेणी दिसते का ते विचारा, टाइल्स इटालियन आहेत का ते विचारा. भिंतीतून पाइप कुठला नि कुठून आलाय, हे मात्र चुकूनही विचारू नका. एवढं बारीक विचारणारा माणूस घर घ्यायला नाही, खुसपट काढायला आलाय असं वाटतं.

गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसवा आणि गरम पाण्याचा पाइप उघडाच सात मजले खाली सोडा. त्यावर आवरण नको, पाणी फिरतं ठेवणारी रिटर्न लाइन तर मुळीच नको. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. म्हणजे तीस मीटर पाइपातलं रात्रभर गार झालेलं सात-आठ लिटर पाणी आधी वाहून जाणार, मग गरम येणार. खालच्या मजल्यावर रोज पहाटे बादलीभर पाणी मोरीत सोडायचं पुण्य मिळतं. गंगापूर धरण आहेच की! उन्हाळ्यात कपात लागली की महापालिकेला शिव्या द्यायला आपण मोकळे.

शॉवरची धार बारीक झाली, शॉवर बदला. पाणी गरम येत नाही, शॉवर बदला.

आता रामबाण उपाय. वरच्या मजल्यावर दाब कमी मिळतो अशी तक्रार येतेच. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो, आणि टाकी तर यांच्या डोक्यावरच, जेमतेम तीन मीटरवर. दाब यायचा कुठून? अशा वेळी कमिटीने प्रेशर पंप आणावा आणि तो फक्त गार पाण्याच्या लाइनला जोडावा. गरमच्या लाइनला जोडता येत नाही, कारण साध्या सोलरच्या टाकीला तेवढा दाब सोसत नाही, ती फुटेल. मग गरमच्या लाइनचं काय, असा प्रश्न कोणी विचारलाच तर ‘पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ’ म्हणावं.

पंप सुरू झाला की मजा बघा. मिक्सरचे, म्हणजे गरम आणि गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाचे, दोन्ही कॉक उघडले की पंपाचं गार पाणी रेटा मारतं आणि गरम बिचारं पाइपातच थांबतं. गारचा कॉक कसाबसा बारीक करून अंगाला सोसेल असं पाणी जुळवावं, साबण लावावा, तेवढ्यात पंप बंद पडतो. गारचा जोर जातो आणि पाठीवर उकळतं येतं! म्हातारी माणसं, लहान मुलं याच शॉवरखाली उभी असतात, पण एवढ्या तेवढ्याने कमिटी विचलित होत नाही. प्लंबर येतो, नळाला हात लावतो, ‘साहेब, सोलरच गेलाय’ म्हणतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. मग सोलरवाला येतो. टाकीला हात लावतो आणि हात झटकतो, कारण वर पाणी चांगलं चटका बसेल इतकं तापलेलं असतं. तो म्हणतो, ‘प्लंबिंगचा प्रॉब्लेम.’ दोघंही एका दिवशी कधीच येत नाहीत. या जानेवारीत आमच्याकडे हेच चाललंय. वर तापलेली टाकी, खाली कुडकुडणारी माणसं, आणि ग्रुपवर चेअरमनसाहेबांचा मेसेज: ‘सर्वांनी अॅडजस्ट करावे.’

काय अॅडजस्ट करायचं? पहाटे साडेपाचला शाळेच्या पोराला कुठल्या पाण्याने आंघोळ घालायची? शेवटी घरोघरी गिझर लागले. दोन किलोवॅटचा गिझर पंधरा लिटर पाणी तापवायला वीसेक मिनिटं घेतो, त्याचं बिल वेगळं. म्हणजे सोलरचेही पैसे भरायचे आणि विजेचेही!

पुरे झाली थट्टा. दुखणं साधं आहे: गरम आणि गार, दोन्ही बाजूंचा दाब सारखा हवा. गारच्या लाइनला दाब कमी करणारा वॉल्व्ह बसवा. प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनला एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा वॉल्व्ह) बसवा, म्हणजे एकाच्या घरातलं गार पाणी दुसऱ्याच्या गरम पाइपात घुसणार नाही. काहीशे रुपयांची वस्तू आहे ती. रेन शॉवरवर हजारो रुपये घालताना कोणी तीन कोटेशन मागितली नव्हती, एनआरव्हीचं नाव काढलं की ‘खर्च कोण करणार?’ मीटिंगला यायचं नाही, कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबायचं, मग चारच टाळकी जमतात ती चहा पिऊन उठतात, आणि रात्री अकराला ग्रुपवर सगळ्यांना कंठ फुटतो. ही काय पद्धत झाली?

आणि ज्यांनी मिक्सरला पाइप जोडून गन (बटण दाबलं की पाणी सोडणारी तोटी) लावली आहे, त्यांनी नीट ऐका. आंघोळ झाली की मिक्सरचे दोन्ही कॉक पिळून बंद करत जा. गनचं बटण सोडलं म्हणजे नळ बंद होत नाही! दोन्ही कॉक उघडे राहिले की तुमच्या मिक्सरमधून गार पाणी गरमच्या लाइनीत शिरतं आणि बाकीच्यांच्या अंगावर पडतं. आज रात्रीच जाऊन बघा.