किटली गेली, दूध गेलं, वर हॉर्न आम्हालाच

आज सकाळी पावणेसातला डेअरीसमोर रांगेत उभा होतो. किटली पायाशी, साइडपट्टीवर, डांबरापासून हातभर आत. काळ्या काचांची पांढरी गाडी आली आणि गेली. मधे फक्त 'ठण्ण' झालं. किटली थेट मारुतीच्या पायरीपाशी, साडेसात लिटर म्हशीचं दूध गटारात आणि कुत्री खूश. झाकण अजून सापडलेलं नाही. गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, पण कधी? किटली उडाल्यावर! म्हणजे चूक किटलीची.

नंबर ४१४१, आणि तोही 'दादा' वाचता येईल असा वाकडातिकडा काढलेला. कसला दादा? ह्याच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी.

आपण उठसूट शिव्या घालतो वाळूच्या डंपरला. डंपरवाले काही संत नाहीत, आणि दोन ट्रॉल्या जोडून, गाणी फुल लावून, मागं एक लाल दिवा नसलेले उसाचे ट्रॅक्टर तर विचारूच नका. पण शाळेसमोरून सुसाट जाणारी निम्मी पोरं आपल्याच आळीतली. एक तर चौदा वर्षांचं आहे, बुलेटवर बसलं की पाय टेकत नाहीत. बाप कौतुकानं सांगतो, "लई डेरिंग हाय." अरे, २०१९ पासून कायदा आहे, पोराच्या हातात गाडी दिली तर बापाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. सांगितलं तर मलाच म्हणतो, "तुमच्या पोटात का दुखतंय?"

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत स्पीडब्रेकरचा विषय मीच मांडला. कोरम नाही, सभा तहकूब. तहकूब सभेत दीड तास चर्चा कशावर? कमानीच्या रंगावर. मग पोरांनी उरलेलं काँक्रीट ओतून स्वतःच ब्रेकर केला. नियमातला गोल उंचवटा १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद. आमचा म्हणजे शेताचा बांध. त्यावर पांढरा पट्टा नाही की अलीकडं बोर्ड नाही. पहिल्याच रात्री कोण उडालं? जाऊ द्या, कंबर अजून धरते. बांधकाम खात्यानं आठवड्यात तो उखडला. अर्जाला मात्र उत्तर नाही. ३० चा बोर्ड आहे म्हणा, त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स आहे.

आणि हा रस्ता मागितला कोणी? आपणच. रास्ता रोको करून. खड्डे होते तेव्हा कोंबडीसुद्धा मेली नाही.

घरी येऊन तासभर आरडाओरडा केला. पुतणी नववीत आहे, ती म्हणाली, "काका, ओरडून काय होणार? मोजू या." रविवारच होता. शाळेतला टेप आणला, दोन मैत्रिणी घेतल्या, रस्त्यावर ५० मीटरवर चुन्याच्या दोन रेघा मारल्या आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. अडीच सेकंदांत पार म्हणजे ताशी ७२. वर मला विज्ञान शिकवलं, वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट. किटलीला विचार म्हटलं.

संध्याकाळी तिनं गाडीनंबर आणि वेग अशी यादी डेअरीच्या फळ्यावर, फॅटच्या दरांशेजारी चिकटवली. याच्या दोन प्रती पोलीस ठाण्यात आणि बांधकामच्या उपविभागात द्यायच्या, असं ठरलं. मला इतका आनंद झाला की तिला शंभर रुपये दिले आणि मगच यादी वाचली.

पहिला ४१४१. दुसरा एक पिकअप. तिसरी मोटारसायकल, तीन सेकंद, ताशी ६०. नंबर ओळखीचा वाटला. ओळखीचाच, माझाच.

"तुम्ही रागारागात नवी किटली आणायला निघाला होता तेव्हाचं आहे," पुतणी म्हणाली.

अंधार पडल्यावर यादी काढायला गुपचूप गेलो. फळ्यासमोर ४१४१ चा बाप चष्मा लावून उभा होता, तिसऱ्या नंबरावर बोट ठेवून चार माणसांना मोठ्यानं वाचून दाखवत.