म्हणे सेन्सर गेला!

नागपुरात गाडी कुठल्याही गॅरेजात न्या, बोनेट उघडायच्या आधीच निदान तयार असतं. ‘‘भाऊ, सेन्सर गेला.’’ कोणता सेन्सर? ते नाही सांगायचं. गाडीत एवढे सेन्सर असतात की एखादा तर गेलाच असेल, असा एकूण हिशोब. इकडे गाडी मिसिंग मारून राहिली (एखाद्या सिलिंडरात पेट्रोल धड पेटतच नाही), सिग्नलवर उभी असली की थडथड हलते, वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढवताना तिचा जीव जातो, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो. आणि हा माणूस चिंधीला हात पुसत सांगतो, ‘‘चालवा बिनधास्त, काही नाही होत.’’

काही नाही होत? अरे बाप्पा, तो दिवा नुसता पेटलेला असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच सायलेन्सरच्या वाटेला लागलंय आणि पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. तो तापतो, आतली जाळी वितळते. त्या कन्व्हर्टरचा भाव एकदा विचारून या, मग म्हणा बिनधास्त.

पण खरा संताप पुढचा. या भल्या माणसानं काय केलं, तर बॅटरीचं टर्मिनल काढलं, थोडं थांबून परत लावलं. दिवा बंद! ‘‘पाहा, झालं.’’ काय झालं बे? गाडीतल्या कॉम्प्युटरनं बिघाडाचा कोड साठवला होता, मिसिंग झालं तेव्हा इंजिनाचे फेरे किती, तापमान किती, सगळी नोंद ठेवली होती. तो पुरावाच पुसून टाकला. वर इंजेक्टर क्लिनिंग, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, चार नवे स्पार्क प्लग असं लांबलचक बिल हातात. मानेवाड्यापर्यंत पोचेस्तोवर दिवा पुन्हा हजर.

शेवटी ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मागवला. हजाराच्या आत येतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खुपसला, मोबाइलवर कोड आला: पी०३०३. यात गूढ काही नाही. पी०३०० असता तर कोणता सिलिंडर ते नक्की नाही. शेवटी ३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. बहुतेक गाड्यांत बेल्टच्या किंवा चेनच्या बाजूनं मोजायचं. आता साधी अक्कल अशी की तिसऱ्याची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) काढून दुसऱ्यावर लावायची, दुसऱ्याची तिसऱ्यावर, कोड पुसायचा आणि गाडी चालवून पाहायची. कोड पी०३०२ झाला तर कॉइल खराब. तिसऱ्यावरच राहिला तर प्लग पाहा, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब. दहाचा पाना लागतो आणि एक पैसा लागत नाही. ज्यांचं पोट यावर चालतं ते हे का करत नाहीत? कारण तपासायचे पैसे कोणी देत नाही, पार्ट बदलायचे देतात!

जुने मिस्त्री एकेका प्लगची वायर उपसून नुसता आवाज ऐकायचे. जी काढल्यावर इंजिनाला काही फरकच पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. त्यांच्याकडे ना स्कॅनर होता ना काचेचं ऑफिस.

आता घरी हे करायचं म्हणजे मे महिन्यात. अॅल्युमिनियमच्या हेडमधून तापलेल्या इंजिनाचा प्लग काढू नये, आटे जातात, म्हणून गाडी थंड होऊ द्यायची. नागपुरात मेमध्ये गाडी थंड कधी होते ते मला कोणी सांगावं. पहाटे उठून बसलो तर शेजारचे काका कूलरमध्ये पाणी सोडता सोडता सल्ला देतात, ‘‘कायले हात घालून राहिला त्यात? ई-२०, त्या वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळं होते ते.’’ या शहरात इथेनॉलवर बोलायला कोणालाच काही कमी नाही. अहो काका, पेट्रोल चारही सिलिंडरना एकच जातं. खराब असतं तर चौघंही खोकले असते, एकटा तिसराच कसा?

कॉइलींची अदलाबदल केली. कोड दुसऱ्यावर सरकला. म्हणजे कॉइल. आणि ती उपसली तेव्हाच डोकं फिरलं होतं, कारण खालचा रबरी बूट तेलानं माखलेला. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होऊन गळत होतं, प्लगच्या खोबणीत तेल साचलं होतं. रबर फुगलं, ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत न जाता बाजूच्या धातूकडे पळत होती. म्हणजे ज्यानं नवे प्लग बसवले, त्यानं ते तेल डोळ्यांनी पाहिलंच असणार! नवाकोरा प्लग तेलात बुडवला, वर तीच कॉइल ठेवली आणि मला म्हणतो सेन्सर. पॅकिंग न बदलता नवी कॉइल टाकली असती तर तीही अशीच सडली असती. त्याला बरंच की, पुन्हा बिल.

२०२४ च्या मेमध्ये आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवतं? देशभर बोभाटा झाला आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तिथे निदान तपासून तरी सांगितलं.

पॅकिंग टाकलं, खोबण पुसून कोरडी केली, नवी कॉइल बसवली. गाडी आता शहाण्यासारखी चालते. पण कॉइलच्या कनेक्टरचं लॉक त्याच महाशयांनी तोडून ठेवलंय. तापून तापून ते प्लास्टिक पापडासारखं होतं, जोरानं ओढलं की गेलं. तुटलं हेही सांगितलं नाही, नुसतं अडकवून दिलं. पार्ट्सच्या काउंटरवर गेलो तर म्हणे कनेक्टर सुटा येत नाही, अख्खी वायरिंग घ्या. नखाएवढ्या प्लास्टिकसाठी अख्खी वायरिंग! मी तिथे उभ्या उभ्या तापलोय, आणि काउंटरवरचा पोरगा मान वर न करता विचारतो, ‘‘काका, इंजेक्टर क्लिनिंग करून घेता का? ऑफर आहे.’’