१०० च्या प्लॅनला १२ चाच स्पीड? तो मेसेज चुकीचा आहे

मंडळी, राजारामपुरीतल्या आमच्या ग्रुपवर कालपासून एक मेसेज फिरतोय, इंटरनेट कंपनीवाले १०० एमबीपीएस स्पीडचे पैसे घेतात आणि डाउनलोड १२ एमबीनेच होतं, म्हणजे फसवणूक. तसं नाहीये. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइल डाउनलोड होताना दिसतो तो मेगाबाइटचा, ८ बिटचा १ बाइट, म्हणून १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा, मग १२ दिसलं तर स्पीड बरोबरच मिळतोय की. मी काल रात्री लॅपटॉपला थेट लॅन केबल लावून बघितलं, स्पीडटेस्टवर ९४ मेगाबिट आणि फाइल उतरताना साडेअकरा मेगाबाइट. तोच लॅपटॉप आतल्या खोलीत वायफायवर नेला तर टेस्ट ३८ वर, मधे जुन्या घराची दगडी भिंत आहे ना, आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर शेजारच्यांचे राउटरपण असतात, त्यांची गर्दी होते.

केबल लावून, बाकीचे मोबाइल, टीव्ही बंद करून, दोन-तीन वेळा टेस्ट करूनसुद्धा कमीच आलं तर मात्र स्क्रीनशॉट काढून तक्रार जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. पण लाइन जोडायला येणाऱ्या पोरांना या मेसेजवरून लोक बोलायला लागलेत, ते बघवत नाही. तेवढा मेसेज पुढं पाठवू नका, पाठवला असेल तर त्याखाली हे टाका.