एवढं आलोय तर...

मेच्या शेवटी पुण्याहून मित्राचं कुटुंब आमच्याकडे श्टुटगार्टला आलं. ते चौघं, आम्ही चौघं. पोरं ९, ७, ५ आणि साडेतीन वर्षांची. इथल्या शाळांना तेव्हा फिंग्स्टनची, म्हणजे ईस्टरनंतर येणाऱ्या ख्रिस्ती सणाची, दोन आठवडे सुट्टी असते आणि पुण्यातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. दोन्हीकडची पोरं एकदम मोकळी सापडायची ती एवढीच फट. अर्थात त्याच फटीतून निम्मा दक्षिण जर्मनी इटलीकडे निघालेला असतो.

मित्राची एक्सेल फेब्रुवारीतच आली होती. ९ दिवसांत पॅरिस, इंटरलाकेन, व्हेनिस, इन्सब्रुक आणि परतताना वाकडी वाट करून लिश्टेनस्टाइन, कारण "तिथे पासपोर्टवर शिक्का मारून देतात म्हणे." (देतात. पर्यटन कार्यालयात, पैसे घेऊन.) जर्मनी धरून सहा देश. मी बायकोला म्हटलं, "हे काही जमत नाही." आणि मित्राला लिहिलं, "मस्त! बघू, जमवू."

आज लिहायला बसलोय ते या "बघू, जमवू"बद्दल.

"एवढं आलोय तर हेही करू" म्हणणाऱ्या पाहुण्याला मी हसणार नाही. व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी रात्री-रात्री जागायचं, चार तिकिटांचे पैसे भरायचे, ऑफिसात पंधरा दिवस रजा मागायची. परत कधी येणं होईल कोणास ठाऊक. त्याच्या बाजूने हिशेब बरोबरच आहे. चुकतो तो आपण, इथे राहणारे. गूगलचे सहा तास चार पोरांबरोबर दहा होतात हे त्याला पुण्यात बसून कसं कळणार? आपल्याला कळतं, तरी भिडेपोटी गप्प बसतो. वर मनातल्या मनात पाहुण्यालाच नावं ठेवतो.

नऊ सीटची व्हॅन घेतली. ती इथे साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते, एवढी एकच गोष्ट सोपी होती. मूल १२ वर्षांचं किंवा दीड मीटर उंच होईपर्यंत त्याला चाइल्ड सीट लागते, म्हणजे आम्हाला चार. त्या बसवण्यातच पहिली सकाळ गेली. मित्र थोडा वेळ चालवायला बसला आणि प्रत्येक वळणावर इंडिकेटरऐवजी वायपर फिरवत राहिला. पोरं खूश.

पॅरिस सहाशेहून जास्त किलोमीटर. आयफेल टॉवर दिसला तेव्हा दोन पोरं झोपलेली आणि दोन भांडत होती. तिथून इंटरलाकेन. तिथे डोंगर दिसले, पाऊसही दिसला. मग ल्युसर्नकडे निघाल्यावर ब्रुनिग घाटात पाच वर्षांच्या पोरीला गाडी लागली. आवळासुपारी होती, पण डिकीत, बॅगांच्या तळाशी.

आणि मग गॉटहार्ड. जवळपास १७ किलोमीटरचा बोगदा, १९८०चा, दोन्ही दिशांना एकेकच लेन. मागून येते चौपदरी महामार्गाची सगळी गर्दी. त्यामुळे फिंग्स्टनला तोंडाशी श्टाऊ, म्हणजे ट्रॅफिक जाम, लागतो म्हणजे लागतोच. रेडिओवर हवामानासारखा सांगतात. आम्ही अडीच तास उभे होतो. गाण्याच्या भेंड्या झाल्या, 'ल' वर सगळे अडकले, भडंगाचा शेवटचा पुडा संपला. साडेतीन वर्षांच्याला शू लागली आणि बाहेर उतरायची सोय नाही. पाण्याची एक रिकामी बाटली कामी आली, एवढंच सांगतो.

व्हेनिसला चारशेहून जास्त पूल आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना पायऱ्या. दोन बाबागाड्या आम्ही दोघं बाप पालखीसारख्या उचलून नेत होतो. गोंडोलाचे दर ऐकून कोणीच काही बोललं नाही. खरं तर त्या दिवशी कोणीच कोणाशी फारसं बोलत नव्हतं.

रात्री मी भांडी विसळत होतो. मित्राची बायको मेतकूट-भाताचं पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, "आम्हाला एवढं नको होतं रे. पण तू काहीच बोलला नाहीस. वाटलं, इथे असंच फिरतात."

मी नुसता नळ चालू ठेवला.

तिथल्या तिथे इन्सब्रुक आणि लिश्टेनस्टाइन रद्द केलं. एका बुकिंगचे पैसे बुडाले. उरलेल्या तीन रात्री उत्तर इटलीत, साउथ टिरोलमधल्या एका शेतघरात राहिलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं: कोंबड्या, दोन वासरं, ओलं गवत. साडेनऊपर्यंत उजेड असल्याने पोरं झोपायचं नाव घेत नव्हती, आणि पहिल्यांदाच आम्हालाही त्यांना झोपवायची घाई नव्हती. मित्र आणि मी कॉलेजनंतर एवढ्या निवांत गप्पा मारल्या नव्हत्या. परतताना ब्रेनर घाटाच्या टोलच्या रांगेत उभे होतो तेव्हा त्याने विचारलं, "फेब्रुवारीतच का नाही बोललास?" मी म्हटलं, "तुला वाईट वाटलं असतं." तो म्हणाला, "वाटलं असतं की. दोन दिवस."

गेल्या आठवड्यात नाशिकच्या आतेभावाची एक्सेल आली. पुढच्या मे महिन्यात, दोन लहान पोरं, ८ दिवस: स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, प्राग, ॲमस्टरडॅम. मी प्राग आणि ॲमस्टरडॅमच्या ओळी खोडून, प्रत्येक मुक्कामाला एक रात्र वाढवून परत पाठवली. खाली लिहिलं, "एवढंच होईल."

निळ्या टिका कधीच्या दिसतायत. उत्तर नाही अजून.