वाचतं म्हणजे समजतं, असं नाही

इंदूरच्या आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ३ वर्षांचं मूल आपणहून वाचत असेल तर त्याला ऑटिझम (स्वमग्नता) असूच शकत नाही, बोलणं आपोआप येईल. हे चुकीचं आहे.

अशा वाचनाला हायपरलेक्सिया म्हणतात. हा शब्द संशोधक सिल्बरबर्ग दांपत्याने १९६७ मध्ये वापरला. अक्षरांची ओढ विलक्षण, अर्थ मात्र मागे राहिलेला. राजवाड्याजवळच्या हिंदी पाट्या आणि घरातलं मराठी कॅलेंडर मूल सारख्याच सफाईने वाचतं; "तुला काय हवं?" विचारलं की तोच प्रश्न परत म्हणतं. अशा अनेक मुलांमध्ये ऑटिझम आढळतो, सगळ्यांमध्ये नाही. म्हणून कानांची तपासणी आणि बालविकासतज्ज्ञांची भेट लांबवू नका. "घरात मराठी, बाहेर हिंदी, म्हणून उशिरा बोलतो" हेही खरं नाही. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही.

आणि कृपा करून पुस्तकं काढून घेऊ नका! वाचन हीच त्याची वाट आहे. "आधी आंघोळ, मग पोहे" असं लिहून दाखवा. "पाणी हवं" ही चिठ्ठी त्याच्या हाताशी ठेवा. गोष्ट संपली की चित्रावर बोट ठेवून विचारा, कोण रडलं? का रडलं? उत्तरासाठी थांबा, घाई करू नका.